रिकाम्या गावातला दाखला

मी जन्माची भित्री. हे आता सांगायला हरकत नाही. माझ्या हातातली सुई बघून वॉर्डातली दांडगी माणसं डोळे मिटून घेतात, आणि मी स्वतः पाल दिसली की खुर्चीवर चढते, हे आमच्या दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. आठवणी लिहायच्या त्या केस पिकल्यावर, असं म्हणतात. माझे पिकलेत, आणि जे नाहीत ते पिकायच्या रांगेत आहेत. पण मी लिहायला बसले ती वयामुळे नाही. परवा माझी भाची मेडिकलच्या प्रवेशाचे कागद घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, कॅटेगरी लावू की नको? मैत्रिणी नावं ठेवतात." तिला काय सांगायचं ते मी सांगितलं. पण ते सांगताना मला जी भीती वाटली, ती इतक्या वर्षांनीही होती तशीच होती. मग वाटलं, एकदा लिहूनच टाकावं.

आमचं घर आचऱ्याच्या अलीकडच्या एका गावात, किनाऱ्यावरच्या वाडीच्या टोकाला, माडांत. पुढच्या दारातून दर्या दिसायचा आणि मागच्या दारातून गाव. आम्ही गाबीत, म्हणजे मासे मारणारे. बाबा रापणीवर जायचे. होडीतून लांबच लांब जाळं अर्धगोल सोडायचं आणि मग वाडीतल्या सगळ्यांनी मिळून ते वाळूवर ओढून घ्यायचं, ती रापण. पहाटे ओढणाऱ्यांची हाळी ऐकू आली की आई पाटी घेऊन धावायची, आणि सूर्य वर येईपर्यंत बांगडे, पेडवे नाहीतर नुसती म्हाकलं डोक्यावर घेऊन गावात निघायची. तिचा आवाज तीन वाड्यांपलीकडे ऐकू जाई. गावात तिला ओळखत नाही असं घर नव्हतं, आणि तिने पुढच्या दाराने आत जावं असंही घर नव्हतं. ती नेहमी मागीलदारी जायची आणि याचं तिला काही वाटत नसे. "माशांचा पाणी पुढच्या ओट्यार सांडला तर ता बरा दिसात?" असं उलट तीच विचारायची. मला मात्र वाटायचं. शाळेत असल्यापासून मी तिच्याबरोबर गावात जाणं टाळू लागले होते. दुपारी ती परत आली की आम्ही उकड्या तांदळाची पेज आणि चुलीच्या निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा खायचो. ती जेवताजेवता गावातल्या बातम्या सांगायची आणि बाबा मान डोलवायचे. बाबा दिवसाला दहा वाक्यं बोलले तर आई म्हणायची, आज अतिसार झाला की काय.

मी बारावीनंतर मेडिकलची परीक्षा दिली तेव्हा गावातून आम्ही दोघंच होतो, मी आणि सुधीर. सुधीर हा तात्या गावकरांचा मुलगा. तात्या म्हणजे गावचे पहिले मानकरी. देवळात पहिलं गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, त्यांचं, पहिला नारळ त्यांचा. सुधीर आणि मी एकाच बसने कॉलेजला जायचो आणि त्याच्या गणिताच्या वह्या मी उतरवून घ्यायचे. निकाल लागला तेव्हा त्याला माझ्यापेक्षा सात मार्क जास्त होते. खुल्या यादीत त्या मार्कांना त्याचं नाव कुठल्या कुठे गेलं. आमची जात सरकारदरबारी मागास, त्यामुळे माझं नाव मागासांच्या यादीत, प्रतीक्षेत, पण अगदी वर लागलं. त्या दिवसापासून सुधीर बसमध्ये मागच्या बाकावर बसू लागला. मला वाईट वाटलं आणि भीतीही वाटली. आपण काही चोरलंय आणि ते कुणीतरी बघितलंय, अशी ती भीती होती. पहिली फेरी गेली, दुसरी गेली, माझा नंबर आला नाही. त्या वर्षी प्रवेश कोर्टात अडकले होते आणि दिवाळी झाली तरी काही कळत नव्हतं. तोवर मी बी.एस्सी.ला जाऊ लागले होते. आईने माझे सगळे मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बिस्किटाच्या डब्यात घातले आणि विषय मिटला.

मग गावपळण आली. जे आमच्याकडचे नाहीत त्यांना हे सांगायला हवं. काही वर्षांनी एकदा आमचा ग्रामदेव कौल देतो की गाव रिकामं करा. मग ठरलेल्या दिवशी ढोल वाजतो आणि सगळं गाव, म्हणजे माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, अंथरुणाला खिळलेली म्हातारी आणि पाळण्यातली पोरं, सगळी वेशीबाहेर जातात. चुडतांच्या, म्हणजे माडाच्या झावळ्यांच्या, झोपड्या बांधतात आणि तीन दिवस तिथे राहतात. त्या तीन दिवसांत गाव देवाचं असतं. जिवंत माणसाने वेशीच्या आत पाय घालायचा नाही. का, ते कुणी विचारत नाही. बाहेर मात्र मोठी मजा असते. सगळे उघड्यावर, चुली शेजारीशेजारी, गावकरांची भाकरी आणि आमची भाकरी एकाच वाऱ्यावर भाजली जाते. भजनं होतात, पोरं मोकाट सुटतात. आणि या दिवसांत गावात चोरी होत नाही, कारण राखण देव स्वतः करतो. आमच्याकडे लोक दागिनेसुद्धा घरीच ठेवून जातात. आईने तेच केलं. झोपडीत दव पडतं, चुलीची ठिणगी उडते, म्हणून कागदांचा डबा तिने घरातच, भाताच्या कणगीत खोल पुरून ठेवला. तिच्या मते त्या तीन दिवसांत जगात त्याच्याइतकी सुरक्षित जागा दुसरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गावातल्या फोनवाल्या दुकानदाराचा माणूस सायकलवरून आमची झोपडी शोधत आला. कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या सरांचा निरोप होता, ताबडतोब फोन कर. मी पळत गेले. सर म्हणाले, तिसऱ्या फेरीत तुझं नाव लागलंय, उद्या सकाळी दहाला मुंबईत कागद तपासणार, आज संध्याकाळची गाडी पकड. मग ते हळू म्हणाले, "जातीचा मूळ दाखला विसरू नकोस. झेरॉक्स चालत नाही. तो नसला तर तुझं नाव खुल्या यादीत धरतील, आणि तिथे तू फार मागे आहेस." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. दुकानात खोबरेल तेलाचा वास होता. तो वास आला की मला अजूनही सरांचं ते वाक्य ऐकू येतं.

मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला, एक नारळ घेतला आणि सरळ तात्या गावकरांच्या झोपडीसमोर जाऊन उभे राहिले. सकाळची वेळ, सगळं गाव तिथे चहा पीत बसलेलं. बाबांनी रीतीप्रमाणे नारळ पुढे ठेवला आणि सगळ्यांच्या देखत आपल्या चेडवासाठी, म्हणजे मुलीसाठी, विचारलं, "तात्यानू, चेडवाचो दाखलो घरात रवलो हा. तेवडो घेवन येव काय?"

तात्यांनी नारळाकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. ते वाईट माणूस नव्हते. "सगळ्यांच्या समोर कित्याक विचारलंस रे?" ते म्हणाले. "आता माका नाय म्हणूचाच लागतला. ही सीमा देवाची. ती मी घातलंय नाय, माका मोडूक येवची नाय."

आज मला कळतं की तात्या तेव्हा माझ्याइतकेच घाबरलेले होते. हो म्हणावं आणि उद्या कुणाचं जनावर मेलं तरी बोल त्यांना. नाही म्हणावं तर लोक म्हणणार, स्वतःच्या मुलाला मिळालं नाही म्हणून दुसऱ्याच्या मुलीचं अडवलं. बाबा सरळ माणूस. एकटे गाठून कानात विचारलं असतं तर कदाचित तात्या विहिरीवर आंघोळीला निघून गेले असते आणि 'जा' म्हणालेत असं आम्ही समजलो असतो. पण आमच्या लोकांना देवाचं काम चोरून करता येत नाही. गाऱ्हाणं घालायचं तर चार माणसांसमोर, हेच बाबांना माहीत.

आणि सगळ्यात आधी विरोध केला तो गावकरांपैकी कुणी नाही, तर आमच्याच भिकूकाकांनी. ते बाबांचे सख्खे चुलतभाऊ, रापणीच्या होडीचे तांडेल, म्हणजे होडीवरचे प्रमुख. "उद्या दर्यात काय झाला तर आमी खंय जावन रडाचा?" ते म्हणाले. "ज्याच्या घरान सीमा मोडली तो माका माझ्या होडयेत नको." ते रागाने नाही बोलले. त्यांचे दोन मुलगे होडीवर होते.

आई एवढा वेळ चुलीपाशी होती. ती उठली, हात पदराला पुसले आणि त्या सगळ्यांच्या मधून चालत माझ्याकडे आली. "देवाक मनवूक येता," ती म्हणाली. नेहमीच्या आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सरकारच्या तारखेक मनवूक येना नाय. चल गो. माका वाचूक येना नाय. खंयचो कागद ता तुका कळतला." आणि तिने माझं मनगट धरलं.

मी जायला तयार नव्हते, हे खरं सांगते. मला डॉक्टर व्हायचं होतं, पण त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर मी बी.एस्सी. आनंदाने पत्करली असती. वेशीवरच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, घोटाभर पाणी होतं. आईने त्यात पाय घातला आणि मागून एका म्हातारीने "अगे बाये गे" असा सूर काढला. मी मागे वळणार होते. "मागे बघू नको," आई म्हणाली, आणि मी ऐकलं की तिचा आवाज बसलाय. जी बाई तीन वाड्यांना ऐकू जायची ती कुजबुजत होती.

रिकामं गाव कसं असतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. ऊन स्वच्छ होतं, काही काळोख नव्हता, वारा नव्हता. पण कोंबडं नाही, कुत्रं नाही, कुठे भांडं वाजत नाही, धुणं आपटत नाही. चुलींचा धूर नाही, म्हणून हवेला वासच नव्हता. आमच्या पावलांचा आवाज भिंतींवर आपटून परत येत होता आणि मला दर वेळी वाटायचं, तिसरं कुणीतरी चालतंय. कुणाच्या तरी अंगणात झोपाळा होता, तो जरासा हलत होता. मी आईकडे बघितलं. तिने तो बघितला होता आणि ती बघितलं नाही असं दाखवत होती. इतकी वर्षं ज्या वाटेने ती मासे विकत फिरली त्या वाटेवर ती घराघराला वळसा घालून, मागच्या बाजूने, सवयीने चालत होती. पुढून जायला कुणी अडवणारं नव्हतं, तरीही. मला ते दिसलं आणि त्या भीतीतसुद्धा मला रडू आलं.

घरात कणगीत हात घालून तिने डबा काढला. मी दाखला शोधला. तो मिळाला, बाकीचेही घेतले. मी म्हटलं चल. पण आई देवाच्या फळीपुढे उभी राहिली आणि तिने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा," ती म्हणाली, "सीमा मी मोडलंय. चेडवान नाय. मी हिका हाताक धरून हाडलंय. रागावलंस तर माझ्यार रागाव. हिच्या अंगाक बोट लावू नको. काय घेवचा ता माझ्याकडसून घे."

तोवर मला फक्त देवाची आणि गावाची भीती होती. त्या वाक्यापासून मला आईच्या मरणाची भीती बसली.

आम्ही व्हाळाशी परत आलो तेव्हा लोक मागे सरकले. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही, फक्त मागे सरकले, जसे पाटीतलं पाणी अंगावर येईल म्हणून सरकतात. आईने तिथेच आंघोळ केली आणि राहिलेले दिवस ती एकटी, सगळ्यांपासून लांब, एका काजूखाली राहिली. बाबा माझ्याबरोबर यायला निघाले, पण दुपारची बस गेलेली, आणि आम्हाला कणकवलीपर्यंत नेईल असं कुणी दिसेना. तेवढ्यात सुधीरने स्कूटर काढली. तात्या त्याच वेळी दुसरीकडे बघू लागले, ते बघून झाल्यावरही बराच वेळ तिकडेच बघत राहिले. बाबा मधे, मी मागे, असे तिघं आम्ही निघालो. घाटीच्या चढावर एका वळणाला सुधीरने स्कूटर थांबवली. मला वाटलं, झालं, हा आता आपल्याला इथेच उतरवणार.

"माका तुझो राग येता," तो मागे न बघता म्हणाला. "सात मार्क जास्त आसत माझे."

ते खरं होतं. माझ्या आईला अक्षर येत नाही आणि त्याच्या घरात तीन पिढ्या पदवीधर आहेत, हेही खरं होतं, पण ते सांगायला तोंड लागतं, आणि मी बसले होते त्याच्याच स्कूटरवर.

"पण तुझी गाडी चुकली म्हणान ती जागा माका कोण देवचो नाय," तो म्हणाला. "मगे चुकान काय उपयोग?" आणि त्याने पुन्हा गाडी सुरू केली. इंजिन गरम झालं होतं म्हणून तो थांबला होता, हे मला बाबांनी नंतर सांगितलं. आता वारं फिरलंय. सुधीरचा मुलगा यंदा बारावीला आहे आणि सुधीर त्याच्यासाठी कुठला दाखला बसतो का, याच्या खटपटीत असतो. मध्यंतरी फोनवर त्यानेच मला सांगितलं आणि आम्ही दोघंही हसलो, पण फार नाही.

मुंबईत दहा मिनिटांत काम झालं. टेबलावरच्या माणसाने दाखला उजेडात धरला, शिक्का मारला आणि "पुढचा" म्हणाला. ज्यासाठी आईने देवाशी वैर घेतलं होतं त्या कागदाकडे त्याने दोनदासुद्धा बघितलं नाही. होस्टेलवर पहिल्या संध्याकाळी खोलीतल्या मुलीने नाव विचारायच्या आधी विचारलं, "रँक किती?" मी म्हटलं, "बरी आहे." ती हसली. तिला कळलं होतं. त्यानंतर वर्षभर मी वर्गात हात वर केला नाही. उत्तर चुकलं तर ते माझ्या एकटीचं चुकणार नाही, अख्ख्या यादीचं चुकणार, असं मला वाटे, आणि बरोबर आलं तरी कुणी विश्वास ठेवणार नाही असंही वाटे. एका सरांनी शवविच्छेदनाच्या टेबलापाशी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "काहींना सीट मिळते, डोकं मिळत नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं की नाही, ते मला आजही माहीत नाही. मला बघितल्यासारखं वाटलं, तेवढं पुरलं.

पण खरं सांगायचं तर ती भीती दिवसाची होती. रात्रंदिवस जी असायची ती वेगळी. होस्टेलच्या ऑफिसात फोन वाजला की मला वाटे, आई गेली. गावाकडून कळत होतं ते असं, की बाबांना भिकूकाकांनी होडीत घेतलं नाही. दुसऱ्या कुणीही घेतलं नाही. त्या सबंध हंगामात बाबा किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांची फाटकी जाळी शिवत होते. आईच्या पाटीला गिऱ्हाईक होतं, पण मागीलदारी आता कुणी तिच्याशी गप्पा मारायला थांबत नसे. गावात कुणाला ताप आला, कुणाचा माड वीज पडून जळाला की लोक आमच्या घराकडे बघत. आणि मी इथे पुस्तक उघडून बसले की मला अक्षरांऐवजी तो हलणारा झोपाळा दिसे.

श्रावणात निकाल लागला. मी फिजिऑलॉजीत नापास झाले होते. वर्गात नुसतं एकमेकांकडे बघितलं गेलं, आणि त्यात सगळं आलं. मी रस्त्यावरच्या फोनबूथमध्ये गेले आणि शेजारच्या गावातल्या त्याच दुकानात फोन लावला. आईला बोलवायला माणूस गेला, मी अर्ध्या तासाने परत लावला. माझ्यामागे रांग होती. आई फोनवर आली तेव्हा तिला दम लागला होता, ती धावत आली होती.

"आये," मी म्हटलं, "मी एका विषयात नापास झालंय."

तिने आधी दम खाल्ला. मग ती म्हणाली, "आनी काय?"

"आनी काय नाय."

"हात पाय बरे आसत? ताप बिप नाय?"

"नाय गो. नापास झालंय म्हणान सांगतंय."

तेव्हा मला तिचं रडणं ऐकू आलं. आधी मला ते कळलंच नाही, कारण ती रडताना हसत होती. "म्हणजे इतक्यारच सोडल्यान गो बाय," ती म्हणाली. "मी म्हटलंय तुका उचलता की काय. वरसभर माझ्या डोळ्याक डोळो नाय. माझ्याकडसून घे म्हणान सांगललंय, पण देवाचा काय, तो कोणाकडसून घेयत काय सांगूचा? मेल्यान एका विषयात भागवल्यान."

मी रिसिव्हर धरून उभी राहिले. मी तिच्यासाठी भीत होते आणि ती माझ्यासाठी, आणि वर्षभर दोघींनी एकमेकींना अवाक्षर सांगितलं नव्हतं. पलीकडे तिने फोन तसाच धरून दुकानातल्यांना हाक मारली. तिचा तो जुना, तीन वाड्यांचा आवाज परत आला होता. "माझा चेडू नापास झाला," ती सांगत होती. पेढे वाटताना सांगतात तसं.

ती बातमी गावभर झाली. कॉलेजात माझ्या नापास होण्याचा अर्थ लावला गेला तो असा, की कोट्यातली, दुसरं काय होणार. गावात लागला तो असा, की देवाने आपलं वसूल केलं, आता त्या घरावर काही उरलं नाही. नारळी पौर्णिमा झाल्यावर होड्या पाण्यात लोटल्या तेव्हा भिकूकाका स्वतः आमच्या दारात आले आणि बाबांना म्हणाले, "चल रे." बाबा वल्हं घेऊन निघाले. मी एका विषयात नापास झाले म्हणून माझ्या बापाला होडीत परत जागा मिळाली.

मी पुन्हा परीक्षेला बसले. या वेळी झोप लागत होती, म्हणून अभ्यासही होत होता. निकालाच्या आदल्या दिवशी आईचाच फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाली, बांगडा यंदा बरा लागतोय ते सांगून झालं, आणि मग तिने आवाज एकदम खाली आणला.

"पास झालंस तर हळू सांग," ती म्हणाली. "दुकानात भिकू बसलेलो असता."